कृत्तिकांची गाडी आणि सरकारचा तराजू

मे महिना आला की जपानमध्ये गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या टपालपेटीत एक पाकीट येऊन पडतं. वाहनकराचं. महिनाअखेरपर्यंत भरायचा असतो. दरवर्षी आकडा तोच असल्यामुळे कोणी फारसं निरखून बघत नाही, कोपऱ्यावरच्या कोंबिनीत जाऊन भरून टाकतात. २०२५च्या मे महिन्यात मात्र माझ्या पाकिटातला आकडा ४५,००० येनांऐवजी सुमारे ५१,७०० येन होता. काहीतरी चूक झाली असेल म्हणून मी तो कागद दोनदा वाचला. चूक नव्हती. माझी गाडी तेरा वर्षांची झाली होती, आणि पहिल्या नोंदणीपासून तेरा वर्षं पूर्ण झालेल्या पेट्रोल गाडीला इथे साधारण पंधरा टक्के जास्त कर लागतो. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, कमी पेट्रोल पिणाऱ्या नव्या याव्यात, हा त्यामागचा हेतू.

गाडी म्हणजे सुबारू लेगसी टूरिंग वॅगन, अडीच लिटरचं टर्बो इंजिन. २०११ साली पहिल्यांदा नोंदलेली, मी घेतली ती जुन्या बाजारातून. हायओक पेट्रोल पिते आणि शहरात ॲव्हरेज देते लिटरला आठ-नऊ किलोमीटर. त्या वर्षी गणपतीला जमलेल्या मंडळींत मी हे सांगितलं आणि मोदक बाजूला राहून वाद सुरू झाला. गाड्यांच्या धंद्यातला एक मित्र म्हणाला, "वॅगन सरकारनंच मारली. हे मायलेजचे नियम नसते तर आजही चांगल्या वॅगन निघाल्या असत्या." दुसरा म्हणाला, "अरे, नियमांना कशाला दोष देतोस? लोक घेतच नाहीत. तू तरी शेवटची नवी वॅगन कधी घेतलीस?"

हा वाद जगभरच्या गाडीवेड्यांत चालतो. पण जपानमध्ये त्याचा इतिहास इतका स्पष्ट दिसतो, की तो एकदा सगळा तुमच्यापुढे मांडावा असं वाटलं. निकाल तुम्हीच द्या.

वीजकंपनीची गरज

आधी वॅगन म्हणजे काय ते सांगतो. सेडान गाडीचं छप्पर तसंच मागे शेवटपर्यंत ओढायचं, डिकी आणि बसायची जागा एक करायची, मागे वर उघडणारं दार लावायचं. चालवायला सेडानसारखी, सामानाला टेम्पोसारखी.

हे 'टेम्पोसारखी'च जपानमध्ये बरीच वर्षं आड आलं. अशा आकाराच्या बहुतेक गाड्या तिथे मालवाहू म्हणून नोंदल्या जात. त्यांच्या नंबरप्लेटवरचा वर्ग ४ आकड्याने सुरू होई, तर सर्वसाधारण मोटारींचा ५ने आणि मोठ्या मोटारींचा ३ने. चार नंबरच्या गाडीला कर कमी, पण तपासणी दरवर्षी. लोक तिला 'लाइट व्हॅन' म्हणत. ती दुकानदाराची, रंगाऱ्याची, फिरत्या विक्रेत्याची गाडी. रविवारी बायकोमुलांना घेऊन त्यातून फिरायला जाणं म्हणजे आपल्याकडे छोट्या हत्तीतून लग्नाला जाण्यासारखं.

सुबारूची गोष्टही या चार नंबरातूनच सुरू होते. उत्तरेकडच्या तोहोकू भागात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतं. तिथल्या वीजकंपनीला तारा-खांबांच्या पाहणीसाठी चारही चाकांना ताकद देणारी, पण जीपपेक्षा उबदार आणि आरामशीर गाडी हवी होती. मियागी प्रांतातल्या सुबारू विक्रेत्यांनी साध्या व्हॅनला मागची चाकं जोडून पाहिली. १९७१च्या तोक्यो मोटार शोमध्ये तशी गाडी मांडली गेली आणि १९७२ साली लिओनी एस्टेट व्हॅन नावाने बाजारात आली. १९८१ साली लिओनी टूरिंग वॅगन आली, ती घरगुती वापरासाठी.

सुबारू हे नाव आपल्याला परकं नाही. या शब्दाचा जपानी अर्थ आहे आकाशातला कृत्तिका तारकापुंज. बोधचिन्हावर सहा तारे आहेत. आपल्याकडे कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिकाही सहाच. युद्धानंतर तुकडे झालेल्या नाकाजिमा विमान कंपनीच्या वारसदार कंपन्या १९५३ साली फुजी हेवी इंडस्ट्रीज या नावाखाली एकत्र आल्या, त्याची ही खूण. २०१७ साली कंपनीनं स्वतःचंच नाव सुबारू केलं.

१९८९ : सरकारनं दिलेली भेट

आता इथे नीट लक्ष द्या, कारण "सरकारनं मारली" म्हणणारे हे पान वाचतच नाहीत. वॅगनला पहिला मोठा हात दिला तो सरकारनंच.

१९८९ पर्यंत गाडी २,००० सीसीच्या वर गेली किंवा १.७ मीटरपेक्षा रुंद झाली, की ती तीन नंबरात जाई आणि वाहनकर एकदम दुपटीवर जाई: वर्षाला ३९,५०० वरून ८१,५०० येन. त्यामुळे कारखानदार गाड्या अरुंद आणि इंजिनं दोन लिटरच्या आत ठेवत. एप्रिल १९८९ मध्ये ३ टक्क्यांचा उपभोगकर आला, मोटारींवरचा जुना वस्तूकर गेला आणि वाहनकराच्या पायऱ्या नव्याने आखल्या गेल्या. सव्वादोन-अडीच लिटरच्या गाडीचा कर ४५,००० येनांवर आला. मोठी गाडी घेणं एका झटक्यात परवडू लागलं.

त्याच वर्षी लेगसी आली. बाजारात येण्याआधी कंपनीनं ती अमेरिकेत ॲरिझोनाच्या चाचणी मार्गावर सलग १,००,००० किलोमीटर पळवली. साडेअठरा दिवसांत, सरासरी ताशी २२३ किलोमीटरने. विक्रम झाला सेडानने, पण लोकांनी डोक्यावर घेतली ती टर्बो इंजिनची टूरिंग वॅगन. तेव्हा जपानमध्ये पैसा खुळखुळत होता, स्कीइंगचं वेड होतं. शुक्रवारी रात्री चार माणसं आणि चार जोड स्की घालून कान-एत्सू महामार्गाने निईगाताच्या बर्फात जायचं आणि रविवारी रात्री परत. या कामाला लेगसीइतकी योग्य गाडी दुसरी नव्हती.

आणि त्याच वर्षी तिसरी गोष्ट झाली. १९८८ साली जपानमध्ये रस्त्यावरचे मृत्यू पुन्हा दहा हजारांच्या वर गेले होते. मोटार कारखानदारांच्या संघटनेनं आपणहून ठरवलं, की २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकद कोणी जाहीर करायची नाही. हा कायदा नव्हता, सरकारची नाराजी ओळखून केलेला समझोता होता. तो २००४ पर्यंत चालला. पण झालं असं, की २८० हा आकडा मर्यादा न राहता सगळ्यांचं लक्ष्यच होऊन बसला.

सोन्याची दहा वर्षं

१९९६ साली निसाननं स्टेजिया वॅगन काढली आणि पुढच्या वर्षी तिच्या २६० आरएस अवतारात चक्क स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन बसवलं, पाच गिअरच्या मॅन्युअलसकट. मित्सुबिशीच्या लेग्नम व्हीआर-४ मध्ये अडीच लिटरचं दुहेरी टर्बो व्ही-६, २८० अश्वशक्ती. लेगसीची जीटी-बी दोन लिटरमध्येच २८०वर पोहोचली. टोयोटाची कॅल्डिना होती, होंडाची अमेरिकेत ओहायोमध्ये बनून जपानला येणारी अकॉर्ड वॅगन होती. वर स्वीडनहून येणारी व्होल्वो ८५०. एकेकाळी रंगाऱ्याची म्हणून हिणवलेली गाडी आता डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी होती.

मग ही सगळी गेली कुठे?

तराजू

इंधनबचतीचा कायदा जपानमध्ये १९७९ साली झाला. दोन तेलसंकटं सोसलेला देश, स्वतःचं तेल जवळजवळ शून्य. कायदा होणारच होता. पण त्याला खरी धार आली क्योतो करारानंतर. १९९८ साली दुरुस्ती झाली आणि १९९९ पासून 'टॉप रनर' पद्धत लागू झाली. कल्पना साधी आहे. आज त्या वर्गात जी गाडी सर्वांत जास्त ॲव्हरेज देते, तिचा आकडा घ्यायचा आणि ठरलेल्या वर्षापर्यंत बाकीच्यांनी तिथे पोहोचायचं. शाळेत पहिल्या आलेल्याचे मार्क हेच पुढच्या वर्षी पास होण्याचे मार्क, तसं काहीसं.

वर्ग पाडले ते वजनावरून. २०१० सालचं पेट्रोल गाड्यांचं लक्ष्य पाहा. १,२६६ ते १,५१५ किलोच्या गाडीनं लिटरला १३.० किलोमीटर द्यायला हवेत. १,५१६ ते १,७६५ किलोच्या गाडीला १०.५ पुरतात. म्हणजे तुमची गाडी १,५१० किलोची असेल तर तिची परीक्षा कठीण, आणि सनरूफ बसवून ती १,५२० किलोची झाली की परीक्षा सोपी! त्यात करसवलत याच आकड्यांना जोडलेली. वजन वाढवून गाडी 'हिरवी' ठरण्याचा हा प्रकार नुसता गाडीवेड्यांच्या गप्पांतला नाही. कोइचिरो इतो आणि जेम्स साली या अर्थतज्ज्ञांनी जपानी गाड्यांची वजनं मांडून पाहिली, तर प्रत्येक पायरी ओलांडल्या ओलांडल्या गाड्यांचा ढीग जमलेला दिसला. नियम लिहिणाऱ्यांच्याही हे ध्यानात आलं असावं. २०१५च्या लक्ष्यात पायऱ्या बारीक करून सोळा केल्या, २०२०साठी प्रत्येक गाडीऐवजी कंपनीची सरासरी धरली, आणि २०३०साठी पायऱ्या काढून सलग रेषा आखली. २०३०चं सरासरी लक्ष्य आहे लिटरला २५.४ किलोमीटर, म्हणजे २०१६च्या प्रत्यक्षापेक्षा ३२.४ टक्के जास्त.

इथे एक गल्लत टाळायला हवी. २००२च्या ऑगस्टमध्ये स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा, आरएक्स-७ अशी मोठी नावं एकदम बंद झाली. ती धुराच्या नियमांमुळे, मायलेजच्या नव्हे. दोन्ही नियम सरकारचेच, पण एक फुफ्फुसांसाठी, दुसरा तेलासाठी. रागाच्या भरात लोक दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात.

आणि टॉप रनरने काम केलं हेही सांगायला हवं. २०१०चं लक्ष्य मुदतीच्या आधीच गाठलं गेलं. आज टोयोटाची साधी कोरोला टूरिंग वॅगन हायब्रिडमध्ये लिटरला पंचवीसच्या वर आकडा दाखवते. म्हणजे नियमांनी वॅगन मारली म्हणावं, तर ही वॅगन नियमांत अगदी ऐटीत बसते. नियमांनी अवघड केली ती तापट, टर्बोवाली वॅगन. सध्याची सुबारू लेव्होर्ग १.८ टर्बोमध्ये साधारण १३.६ देते, तर २.४ लिटरच्या २७५ अश्वशक्तीच्या इंजिनात साधारण ११. शेजारी पंचवीसवाली उभी असताना हा आकडा कंपनीच्या सरासरीला खालीच ओढणार.

समुद्रापलीकडचा धक्का

लेगसीचं नशीब मात्र तोक्योपेक्षा वॉशिंग्टननं जास्त ठरवलं. अमेरिकेनं १९७५च्या कायद्यात मोटारींसाठी आणि 'हलक्या ट्रक'साठी वेगळी मापं ठेवली. २००५च्या गाड्यांना मोटार म्हणून गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, ट्रक म्हणून २१ मैल, म्हणजे ८.९. वॅगन ही मोटार. पण मिनीव्हॅन आणि एसयूव्ही ट्रकमध्ये गेल्या. अमेरिकेतली जुनी लांबलचक कौटुंबिक वॅगन नाहीशी होण्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

सुबारूची आउटबॅक म्हणजे लेगसी वॅगनच, फक्त जमिनीपासून उंच केलेली. २००५च्या मॉडेलमध्ये कंपनीनं तिची उंची आणखी थोडी वाढवली आणि ती कागदोपत्री ट्रक झाली. हे २००४ साली अमेरिकी वर्तमानपत्रांत आलं तेव्हा पर्यावरणवाल्यांनी बरंच तोंडसुख घेतलं. पण विचार करा: तेच इंजिन, तीच सीट, तीच डिकी. वाढली फक्त जमिनीपासूनची उंची, आणि माप सैल झालं. नियमानं गाडी कमी पेट्रोल पिणारी केली नाही, उंच केली.

मग लेगसी अमेरिकेच्या मापाने फुगत गेली. २००३ची चौथी पिढी १,७३० मिलिमीटर रुंद होती. हलकी आणि देखणी म्हणून तिला जपानचा 'कार ऑफ द इयर' मिळाला. २००९ची पाचवी पिढी, म्हणजे माझी, १,७८० मिलिमीटर रुंद आणि बरीच उंच. जपानी चाहते हिरमुसले. तोक्योतल्या गल्ल्यांत आणि यांत्रिक पार्किंगच्या कप्प्यांत मिलिमीटर मोजावे लागतात. जुन्या इमारतींतल्या त्या लिफ्टसारख्या पार्किंगची उंचीची मर्यादा १,५५० मिलिमीटर असते आणि पार्किंगचा दाखला असल्याशिवाय इथे मोटार नोंदताच येत नाही. वॅगन अजून थोडीफार टिकून आहे त्यात या कप्प्यांचाही हात आहे. एसयूव्ही त्यांत शिरत नाही. २०१४ साली लेगसी टूरिंग वॅगन जपानमध्ये थांबली आणि तिच्या जागी खास जपानसाठी आखलेली लेव्होर्ग आली, ती दीड मीटरच्या आत उंचीची.

मग मारली कोणी?

दुसऱ्या मित्राचं म्हणणंही पुराव्याशिवाय नाही. १९९४ला होंडा ओडिसी आली, १९९६ला स्टेपवॅगन. आईला एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन सरकतं दार उघडता येतं, आजी-आजोबा मागे बसू शकतात. वॅगनकडे याला उत्तर नव्हतं. त्यानंतर एसयूव्ही आल्या. टर्बो वॅगनचे बहुतेक चाहते तोवर माझ्यासारखे झाले होते: तोंडभर कौतुक करणारे आणि जुन्या बाजारातून घेणारे. जुनी गाडी घेणाऱ्याचं मत कारखान्याच्या मोजणीत येत नाही.

आज वेगवान वॅगन जगात आहेतच. आउडीची आरएस-६ आहे. २०२४ला बीएमडब्ल्यूनं एम-५ टूरिंग परत आणली, ती प्लग-इन हायब्रिड, सातशेच्या वर अश्वशक्ती आणि वजन सुमारे अडीच टन. चार्जिंगवर चालण्याचे किलोमीटर हिशेबात धरल्यामुळे कागदावर ती काटकसरी दिसते. माझी जुनी लेगसी तिच्यापेक्षा जवळपास एक टन हलकी आहे आणि दंड मी भरतो, असं म्हणून मी गणपतीत टाळ्या मिळवल्या. टोयोटानं २०२५च्या मार्चमध्ये क्राउन एस्टेट हे जुनं वॅगनचं नाव परत आणलं, पण उंची १,६०० मिलिमीटरच्या वर. ती वॅगन की एसयूव्ही, यावर पुढचा गणपती निघेल.

आपल्या घरचं उदाहरणही आठवून पाहा. पुण्यात बनलेली टाटा एस्टेट १९९२ला आली, पुढे इंडिगो मरीना आली. दोन्हींचं कौतुक झालं, खप नाही. आणि २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनांच्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाली, तेव्हा इंडिगोसकट किती सेडानची शेपटी कापली गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुण्याच्या एआरएआयचा आकडा विचारल्याशिवाय आपण गाडी घेत नाही, पण ती गाडी ३,९९५ मिलिमीटरचीच का, हे कोणी विचारत नाही. जपानमध्ये वजनाची रेघ, अमेरिकेत उंचीची, आपल्याकडे लांबीची. जिथे रेघ मारली तिथे गाडी वाकली.

म्हणून माझा निष्कर्ष असा: नियमांनी वॅगन मारली नाही, त्यांनी तिला ढकललं, पाठ फिरवली ती गिऱ्हाइकांनी. आणि नियम नकोत असं मला म्हणता येत नाही. तेलसंकट या देशानं सोसलंय, आणि वाढता उन्हाळा आता आपण सगळेच सोसतोय. तक्रार इतकीच, की रेघ चुकीच्या जागी मारली जाते.

माझ्या पाकिटाचाच हिशेब करून पाहा. मी वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालवतो. लिटरला ९ धरले तर सुमारे ४४० लिटर पेट्रोल. पंचवीसची हायब्रिड घेतली तर १६० लिटर. वाचले २८० लिटर, म्हणजे वर्षाला साधारण साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड. पण नवी गाडी बनवतानाच काही टन बाहेर पडतो. पाच-सहा टन धरले तर भरपाईला आठ-नऊ वर्षं लागतील. हेच मी वर्षाला १५,००० किलोमीटर चालवत असतो, तर सव्वादोन वर्षांत भरपाई झाली असती आणि जुनी गाडी ठेवणं हा निव्वळ हट्ट ठरला असता. वाहनकर मात्र गाडीचं वय बघतो, तिचं फिरणं नाही. पेट्रोलवरचा कर फिरणं बघतो, आणि तो मी प्रत्येक टाकीला मुकाट्याने भरतो.

पाकीट त्या दिवशीच भरून आलो. गाडी पुढच्या तपासणीपर्यंत ठेवायची असं ठरवलंय, कारण हिशेब अजून तिच्या बाजूनं आहे. मुलीच्या कॉलेजमुळे आम्हाला शहराबाहेर राहावं लागलं आणि रोजचं फिरणं वाढलं, तर तो उलटेल. तेव्हा हट्ट करायचा नाही, असं घरी कबूल करून बसलोय. तुमच्याही दारात अशी एखादी जुनी आवडती गाडी असेल तर वाद घालण्याआधी ओडोमीटर बघा. वर्षाचे किलोमीटर किती, हे एकदा कागदावर मांडा. उत्तर बहुतेक तिथेच सापडेल.